पप्पांचे कान

भिकन सोनवणे सतराव्या वर्षी पारोळ्याकडचं गाव सोडून सुरतेला आला, तेव्हा त्याचे दोन्ही कान शाबूत होते. दूर शिवारात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तरी बैल कुणाचा ते तो ओट्यावर बसून सांगायचा, असं त्याची आई अजून सांगते. त्यानंतर चोवीस वर्षं पांडेसऱ्यातल्या लूमच्या खात्यात गेली. खातं म्हणजे पत्र्याच्या एका छपराखाली ऐंशी माग, दिवसरात्र चालू. बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. तार तुटला की बोट वर, सुताचा बीम संपला की पंजा गोल, चहा हवा की अंगठा ओठांना. भिकनचा डावा कान कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. उजवा निम्मा उरला. एका शिबिरात डॉक्टरांनी तपासून कानात घालायचं मशीन दिलं होतं. खात्यात ते लावलं की ऐंशी माग डोक्यात शिरायचे. दोन दिवसांत त्यानं ते कपाटावर ठेवून दिलं.

समोरासमोर त्याचं अडत नसे. ओठ बघून त्याला बोलणं समजायचं, अहिराणी तर नुसत्या गालांच्या हालचालीवरून कळायची. अडायचं ते फोनवर. गावाहून भावाचा फोन आला, गॅसवाल्याचा आला, खात्यातल्या मुकादमाचा आला, की तो फोन लेकीच्या हातात द्यायचा. गायत्री सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून हे काम तिच्याकडं होतं. ती फोन कानाला लावून ऐकायची, मग त्याच्या पुढ्यात बसून, चेहरा त्याच्याकडं करून, एकेक शब्द सुटा सुटा सांगायची. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली ही एकुलती एक पोर. खात्याजवळच्या बमरोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत येणाऱ्याजाणाऱ्याला भिकन कौतुकानं सांगायचा, की माझे कान म्हणजे ही. बायको सुवर्णा जमिनीवर पसरलेल्या साडीवर खडे चिकटवत हसायची. ते काम ती घरबसल्या करायची आणि घरात कायम त्या गोंदाचा वास असायचा.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीत एका लग्नाची हळद होती. गायत्री अशी काही नाचली की बायकांनी वर्तुळ करून तिला मध्ये घेतलं. भिकनला गाणं ऐकू येत नव्हतं, पण ढोलाचा ठोका पायाखालच्या फरशीतून कळत होता आणि लेकीचं पाऊल त्या ठोक्यावर बरोबर पडतंय हे दिसत होतं. त्यानं व्हिडिओ काढला. तो गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठकुठं फिरला. आठवड्याभरात बापलेकीनं मिळून पेज उघडलं, ‘खान्देशनी गायत्री’. स्पेलिंग तिनं सांगितलं, बटणं त्यानं दाबली.

पुढं जे झालं त्याची भिकनला सवय नव्हती. चोवीस वर्षं तो खात्यात बारा नंबरचा कारीगर होता. मुकादमाला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. आता चहाच्या टपरीवर अनोळखी माणसं येऊन विचारायची, गायत्रीचे पप्पा तुम्हीच का. धुळ्याहून, चाळीसगावहून, नाशकाहून लोक लिहायचे. पेजला अकरा हजार माणसं झाली. भिकन मग सगळंच टाकू लागला. गणवेशातली गायत्री, छातीवर शाळेचा बिल्ला. नवी सायकल, मागं सोसायटीची कमान. वाढदिवसाचा केक, त्यावर वय. शाळेत जाताना, शाळेतून येताना, रिक्षात बसताना. कार्यक्रमाची बोलावणी यावीत म्हणून पेजवर त्यानं स्वतःचा नंबरही टाकून ठेवला होता. यात काही वावगं आहे असं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि कुणी तसं म्हणालंही नाही.

योगेंद्र नावाच्या माणसाची पहिली कॉमेंट आली ती मागच्या उन्हाळ्यात. फोटोत देवीची तसबीर आणि फुलांचा हार. मूळ धुळ्याचा, आता नोकरीनिमित्त सुरतेजवळ, असं त्यानं लिहिलं होतं. प्रत्येक व्हिडिओखाली तो पहिला असायचा. लेकीच्या अंगात कला आहे, बापाचे कष्ट सार्थकी लागले, असं लिहायचा. भिकनला ते वाचून भरून यायचं. पुढं त्यानं पेजच्या मेसेजमध्ये आपण अहिराणी गाण्यांचा अल्बम काढणाऱ्यांना ओळखतो असं कळवलं. मात्र मेसेजमध्ये तो कधी लिहीत नसे, बोलून पाठवायचा. भिकननं उलट लिहिलं की मला ऐकायला कमी येतं, तुम्ही लिहूनच पाठवा. त्यावर हात जोडलेलं एक चित्र आलं आणि पुढचा मेसेज पुन्हा आवाजाचाच.

मग काय, गायत्री होतीच. संध्याकाळी ती फोन कानाला लावायची आणि भिकन विचारायचा, “काय म्हनस?”

“म्हणतात, छान नाचलीस. म्हणतात, अल्बमवाल्यांना व्हिडिओ दाखवला.”

असं तीन महिने चाललं. रातपाळीच्या पंधरवड्यात भिकन दुपारी झोपलेला असायचा, सुवर्णा साडीवर वाकलेली, आणि फोन गायत्रीजवळ. तिला ते काम दिलेलं होतं, त्यामुळं ती फोन घेऊन बसली तर कुणी विचारत नसे.

दिवाळीनंतर पोर बदलली. डबा अर्धा परत यायला लागला. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. नाच म्हटलं की पोट दुखायचं. भिकननं ते लाडानं घेतलं, मग जरा चिडून घेतलं. लोक वाट बघतात, आठवडा झाला काही टाकलेलं नाही, असं तो म्हणाला. ती उठली, घागरा घातला, नाचली. व्हिडिओ नंतर बघताना त्याला वाटलं, पाय ठोक्यावर आहेत पण पोर कॅमेऱ्याकडं एकदाही बघत नाही. तरी त्यानं तो टाकला. पुढं कित्येक महिने त्याला त्या एका गोष्टीची आठवण होत राहिली.

तो डिसेंबरातला गुरुवार होता. भिकनची दिवसपाळी होती, फोन खिशात. अकराच्या सुमाराला तो चहाला बाहेर आला, टपरीच्या बाकावर बसला आणि सवयीनं पेज उघडलं. योगेंद्रचा मेसेज होता. नेहमीसारखा आवाजाचा नव्हता, लिहिलेला होता. कदाचित तो माणूस बोलता येणार नाही अशा जागी असेल, किंवा घाईत असेल. लिहिलं होतं: ‘काल टाकीपाशी आलीस आणि लगेच पळालीस का? आज पळायचं नाही.’

भिकननं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, मेसेज चुकून आपल्याला आलाय, दुसऱ्या कुणासाठी असेल. मग टाकी म्हणजे कोणती टाकी हे त्याच्या ध्यानात आलं. शाळा आणि सोसायटीच्या मध्ये पाण्याची टाकी आहे, तिच्या मागून जायची वाट आहे. हातातला चहा त्यानं बाकावर ठेवला. वर बोट नेलं, तर आवाजाच्या मेसेजची रांगच रांग. खालून वर, खालून वर. यातले पाच-सहा त्याला सांगितले गेले असतील. इथं साठ-सत्तर होते; ऐकू येत नाही म्हणून त्यानं ती रांग कधी वर जाऊन बघितलीच नव्हती. आणि मध्ये मध्ये इकडून गेलेलेही होते. म्हणजे त्याच्या फोनवरून, त्याच्या नावानं. त्यानं एक दाबून उजव्या कानाला घट्ट लावला. खरखर आली, बाकी काही नाही.

शेजारी बसलेल्या कारीगराला ऐकायला द्यावं असं क्षणभर मनात आलं. पण त्यात काय निघेल या भीतीनं त्याचा हात पुढं झाला नाही. मुकादमाला न सांगता, चालू माग तसेच टाकून तो घराकडं धावत सुटला. चोवीस वर्षांत असं त्यानं कधी केलं नव्हतं.

सुवर्णा साडीवर वाकली होती. त्यानं फोन तिच्यापुढं धरला, मेसेज दाखवला आणि खुणेनंच सांगितलं, ऐक. ती ऐकू लागली. तो तिच्या समोर उकिडवा बसला आणि तिचा चेहरा बघत राहिला, कारण दुसरं काही त्याला करता येण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दोन-तीन मेसेजांना तिच्या कपाळावर नुसती आठी होती. पाचव्या-सहाव्याला तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती पटापट पुढं जाऊ लागली, एक अर्धा ऐकायचा, दुसरा लावायचा. एका ठिकाणी ती थांबली आणि तोच पुन्हा लावला. तिचे डोळे भिकनकडं वळले, आणि त्या डोळ्यांत राग होता की कीव हे त्याला समजेना. नंतर तिनं सांगितलं, तो मेसेज हा होता: ‘तुझ्या पप्पांना ऐकू येत नाही ना? मग हे आपल्या दोघांतच राहील.’

बाकीचं तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आधी गोड बोलणं. मग घरात कोण कधी असतं ते विचारणं. मग एकटी असताना एक फोटो पाठव, पप्पांना दाखवू नकोस, अल्बमवाल्यांना हवाय. पोरीनं पाठवला होता, घरच्या फ्रॉकमधला, खाटेवर बसून काढलेला साधा फोटो. तेवढा हाती आल्यावर आवाज बदलला. आता भेटायला ये, नाही आलीस तर हाच फोटो घाण नावं लिहून शाळेच्या ग्रुपवर टाकतो. पप्पांचं पेज बंद होईल, पप्पा तुझ्यामुळं रडतील. इकडून गेलेले पोरीचे मेसेज आधी हसरे होते. शेवटच्या आठवड्यातले दोन-तीन शब्दांचे. नको काका. मला भीती वाटते काका.

सर्वांत शेवटचा आवाजाचा मेसेज काल संध्याकाळचा होता. भिकनला ती संध्याकाळ आठवली. गायत्री त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसली होती, फोन कानाला. त्यानं विचारलं होतं, काय म्हनस. ती म्हणाली होती, “म्हणतात, नवीन गाणं टाका.” तिचा चेहरा नेहमीसारखा त्याच्याकडंच होता.

“हाऊ मानूस पोरले भेटाले बलाई राहिना,” सुवर्णा म्हणाली. “आज. शाळा सुटनी का.”

घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती. शाळा साडेबाराला सुटायची.

भिकन टाकीच्या वाटेनंच गेला. तिथं नेहमीचीच माणसं होती, पण त्या दिवशी त्याला ती तशी दिसली नाहीत. शेंगदाणेवाला होता. पंक्चर काढणारा होता. दोन माणसं टेम्पोला टेकून बोलत होती, आणि तो जवळ जाताच त्यांनी बोलणं थांबवलं. टाकीच्या सावलीत एक जण बाईकवर बसला होता. बाईक बंद, आणि डोक्यावर हेल्मेट तसंच, काच खाली ओढलेली. भिकन त्याच्यासमोर उभा राहिला. काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसला. आतला माणूस काही बोलला असेल तर भिकनला ते कळायची सोय नव्हती, ओठ काचेमागं होते. त्याला वाटलं, धरावं याला. पण शाळेत पोर एकटी आहे, हा आणि भलताच निघाला तर? तो पळत पुढं गेला. फाटकापाशी पोचून मागं बघितलं तेव्हा सावलीत कुणी नव्हतं.

महापालिकेच्या त्या मराठी शाळेत पाचवीचा वर्ग भरलेला होता. गायत्रीच्या बाकावर गायत्री नव्हती.

भिकन दारातच थांबला. वर्गातली पोरं त्याच्याकडं बघून काहीतरी एकदम सांगत होती, चाळीस तोंडं एका वेळी हलत होती, आणि त्याला एकही शब्द लागत नव्हता. शेवटी एका मुलीनं उठून त्याचा हात धरला आणि त्याला बाहेर नेलं, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडं.

तिथं गायत्री होती. विशाखा मॅडमच्या खुर्चीशेजारी स्टुलावर, दप्तर पोटाशी धरून.

विशाखा मॅडम तिच्या वर्गशिक्षिका. त्यांचे वडील भुसावळकडून गिरणीच्या कामाला आले होते, त्या इथंच वाढल्या, इथंच शिकल्या. त्यांनी उठून भिकनला बसवलं आणि चेहरा त्याच्यासमोर आणून हळू बोलल्या. गायत्री प्रार्थनेपासून पोट दुखतं म्हणते, पण घरी पाठवते म्हटलं की रडते. सुट्टी झाली तरी मी इथंच बसू का, असं दोनदा विचारलं. काहीतरी निराळं आहे एवढं त्यांना कळलं, म्हणून त्यांनी तिला जवळ ठेवून घेतलं होतं.

“तुम्हाला तीन वेळा फोन केला, भिकनभाऊ. वाजत होता, कुणी उचलला नाही.”

सकाळी मागांमध्ये फोन खिशात थरथरला असेल. माग चालू असताना सगळं अंगच थरथरत असतं.

भिकन लेकीपुढं खाली बसला. तिनं त्याच्या हातातला फोन बघितला, उघडलेली मेसेजची रांग बघितली आणि डोळे मिटून घेतले, मार बसणार असल्यासारखे. आजवर त्यानं तिच्यावर हात उचललेला नव्हता.

“तू माले का बरं नही सांगं, बेटा?”

तिनं डोळे उघडले. मग ओठ हलले. आवाज निघाला की नाही ते त्याला माहीत नाही, पण ओठ त्यानं नीट वाचले.

“तुम्ही खूश होता ना, पप्पा.”

त्यानंतर भिकनला एकच गोष्ट सुचत होती, की हे सगळं पुसून टाकायचं. पेज, मेसेज, तो माणूस, सगळं, आत्ताच्या आत्ता. त्याचा अंगठा त्या बटणावर गेलाही होता. विशाखा मॅडमनी त्याचं मनगट धरलं. पुसलं तर तो सुटला, हाच आपला पुरावा आहे, असं त्या म्हणाल्या. फोन हातात घेऊन त्यांनी त्या माणसाच्या खात्याचे, मेसेजचे, तारखांचे एकेक स्क्रीनशॉट काढले आणि स्वतःकडंही पाठवून ठेवले. त्याला उत्तर द्यायचं नाही, शिवी द्यायची नाही, ब्लॉकही आत्ता करायचं नाही. मग त्यांनी मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावला, आणि तिथून सांगितल्याप्रमाणं सगळे पोलीस ठाण्याला निघाले. वाटेत सुवर्णा येऊन मिळाली. तिच्या बोटांना अजून गोंद लागलेला होता. तिनं पोरीला जवळ ओढलं ते ठाण्याच्या दारापर्यंत सोडलं नाही.

ठाण्यात एक महिला अधिकारी होत्या. गुजरातीत भराभर बोलायच्या, पण गायत्रीशी बोलताना त्यांनी टेबल सोडलं आणि बाकावर तिच्याशेजारी येऊन बसल्या. भिकनला त्यांचे ओठ वाचता येईनात. गायत्री सवयीनं त्याच्याकडं वळली, चेहरा समोर केला आणि सांगायला लागली, “पप्पा, त्या विचारतात...” भिकननं तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. तू नको, म्हणाला. मग विशाखा मॅडमनी वही काढली आणि प्रत्येक प्रश्न मराठीत लिहून त्याच्यापुढं सरकवू लागल्या.

अधिकाऱ्यांनी पेज उघडलं आणि एकेक व्हिडिओ खाली सरकवत गेल्या. एका ठिकाणी बोट ठेवलं. बिल्ला. दुसऱ्या ठिकाणी, कमान. रिक्षाचा नंबर. वाढदिवसाचा केक. शाळेत जाताना टाकीमागची वाट, आणि व्हिडिओवर टाकलेली वेळसुद्धा. मग त्यांनी भिकनकडं बघून विचारलं, “स्कूलनुं नाम कोणे मूक्युं?”

वहीत लिहून यायची गरज पडली नाही. शाळेचं नाव कुणी टाकलं, असं विचारतायत हे त्याला समजलं.

“मी,” भिकन म्हणाला.

त्यांनी पुढचा व्हिडिओ लावला. शंभराच्या वर व्हिडिओ होते. भिकन तिथं बसून ते सगळे परत बघत होता आणि या वेळी तो ते त्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होता. घर इथं आहे. शाळा इथं आहे. पोर या वेळी या वाटेनं एकटी येते. बाप बहिरा आहे. कुणी काही शोधून काढायची गरजच नव्हती, बापानंच हाताला धरून आणून सोडलं होतं.

पुढचे एकोणीस दिवस त्या घरानं कसे काढले ते शेजाऱ्यांनाही नीट कळलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की सुवर्णा कडी बघायची. भिकननं मुकादमाला सांगून कायमची दिवसपाळी मागून घेतली, आणि रोज सकाळी पोरीला शाळेत सोडून मग उशिरा खात्यात जाऊ लागला. दुपारी आणायला सुवर्णा जायची. वाटेत भिकन प्रत्येक पुरुषाकडं बघायचा. दूधवाल्याकडं, पासबुक घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याकडं, खात्यातल्या ज्या सोबत्याबरोबर पंधरा वर्षं डबा खाल्ला त्याच्याकडंही. या माणसानं माझ्या पोरीचे व्हिडिओ किती वेळा बघितले असतील, हाच विचार. बाईकचा आवाज त्याला मागून ऐकू यायचा नाही, अचानक शेजारून ती गेली की तो पोरीला कडेला खेचायचा. एकदा इतक्या जोरात खेचलं की तिच्या दंडावर वळ उठले.

विसाव्या दिवशी पोलिसांनी बोलावलं. माणूस सापडला होता. त्याचं नाव योगेंद्र नव्हतं आणि धुळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, पस्तिशीचा, लग्न झालेला, मराठी वस्तीत वाढलेला म्हणून भाषा येणारा. सिम दुसऱ्याच कुणाच्या नावावर. त्याच्या फोनमध्ये आणखी चार मुलींशी बोलणं निघालं. त्यातल्या दोघींच्या घरी पोलीस पोचेपर्यंत कुणाला काहीच पत्ता नव्हता.

त्याचा फोटो भिकनला दाखवला. साधा चेहरा, थोडं पोट, केस विंचरलेले. भिकननं तो पुष्कळ वेळ बघितला. मग त्यानं टाकीपाशी दिसलेल्या हेल्मेटवाल्याबद्दल विचारलं. अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि मान हलवली. या माणसाकडं बाईक नाही. बुधवारी तो टाकीपाशी चालत आला होता. गुरुवारी तो आलाच नाही, तो त्या दिवशी दिवसभर कामावर होता, तशी नोंद आहे.

मग तो कोण होता, भिकननं विचारलं. कुणीही असेल, त्या म्हणाल्या, कुणाची तरी वाट बघणारा असेल. ते खरंही असेल. पण घरी परतताना भिकनची भीती माणूस सापडल्यानं कमी झाली नव्हती, उलट आता तिला चेहराच उरला नव्हता.

पोलिसांचं काम झाल्यावर पेज बंद केलं. ते बटण सुवर्णानं दाबलं. गायत्री बोलू लागायला संक्रांत उजाडली. शाळेनं एक समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा बोलावल्या. त्यांच्याशी ती चित्रं काढत बोलायची. तिच्या मनात सारखं एकच होतं, की पप्पांचं पेज माझ्यामुळं गेलं. भिकन तिला रोज सांगायचा की तुझी काही चूक नाही, चूक माझी, आणि ती मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सांगावं लागायचं. कपाटावरचं मशीन त्यानं खाली काढलं, नवे सेल आणले. घरात आणि फोनवर आता तो ते लावतो. कानात दुखतं, आवाज फुटके येतात, पण आपले फोन तो आपण घेतो. गायत्रीला फोन हातात धरायला सांगत नाही.

होळीनंतर खात्यातल्या एका कारीगरानं त्याला हाक मारून स्वतःचा फोन पुढं केला, अरे ही तुझीच पोर ना, म्हणून. हळदीचा तो पहिला व्हिडिओ. पेज कुणाचं तरी भलतंच, नाव भलतंच, खाली हजारांनी बघणारे. त्यांच्यात कोण कोण होतं ते बघायची भिकनला हिंमत झाली नाही. विशाखा मॅडमनी तक्रार कशी करायची ते शिकवलं होतं. दुपारच्या सुट्टीत टपरीवर बसून त्यानं ती केली. चार दिवसांनी व्हिडिओ काढून टाकला गेला. दोन आठवड्यांनी दुसऱ्या पेजवर सायकलचा निघाला, कमानीसकट.

आता दर रविवारी सकाळी नवराबायको फोन घेऊन बसतात. गायत्री शेजारच्या मैत्रिणींबरोबर खाली खेळत असते, सुवर्णा मधून मधून उठून खिडकीतून बघून येते. भिकन लेकीचं नाव टाकतो, गावाचं टाकतो, गाण्याचे शब्द टाकतो, आणि खाली खाली जात राहतो. कुणाच्या तरी लेकी नाचत असतात, गणवेशात, अंगणात, शाळेच्या फाटकासमोर. परवा एका चिमुरडीच्या व्हिडिओवर तो थांबला. मागच्या भिंतीवर शाळेचं नाव वाचता येत होतं. खाली तिच्या बापाचा नंबर होता. भिकननं मशीन कानात नीट बसवलं आणि तो नंबर लावला. पलीकडं कुणीतरी बाई होती. आपण कोण, कुठून बोलतोय, हे तो सांगू लागला तशी तिनं मध्येच तोडलं, तुम्हाला आमचा नंबर कुणी दिला म्हणून विचारलं, आणि घाबरून फोन ठेवून दिला. त्यानं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मग त्यानं सगळं सविस्तर लिहून पाठवलं, शेवटी खात्री करून घ्यायला म्हणून विशाखा मॅडमच्या शाळेचा पत्ता दिला, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात जायच्या आधी तो व्हिडिओ अजून आहे का ते बघितलं. होता.